किलकिले डोळे

शनिवार-रविवार दुपारी चार ते सहा माझ्या खोलीत अंधार असतो. तो मीच करते. खिडक्यांना जाड खाकी कागद लावलाय, दारावर जुनी चादर सोडलीय, आणि टेबलाच्या डाव्या अंगाला मान वाकवता येणारा एकच दिवा ठेवलाय. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथे मुलांना कोळशाने चित्रं काढायला शिकवते. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला मिस्त्री जिना चढणाऱ्या मुलांना हमखास विचारतो, "काय, चाललात का तोंड काळं करायला?" मुलं "हो काका" म्हणतात आणि दोन तासांनी खरंच तशी होऊन उतरतात.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या पेन्सिली काढून घेते. पेन्सिल हातात आली की मूल रेघ मारतं, आणि रेघ मारली की बघायचं थांबतं. मी त्यांना कोळशाची कांडी आडवी धरून अख्खा कागद करडा करायला लावते. मग जिथे उजेड पडलाय तिथला कोळसा रबराने उचलायचा, जिथे अंधार आहे तिथे आणखी चढवायचा. समोर ठेवलेलं मात्र साधंच असतं. पाण्याचा पांढरा जग, पालथा वाडगा, एखादं फडकं.

घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. मुलं दिसतं ते काढत नाहीत, माहीत असतं ते काढतात. आमच्यात एक मुलगा आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. तो एकदा जगाचा कान ठसठशीत काढून बसला होता. कान तर अंधारात पार बुडालेला.

"कान कुठे दिसतोय तुला?" मी विचारलं.

"पण आहे ना बाई तिकडे. मघाशी मी जग उचलून बघितलाय."

"आहे, पण दिसतोय का?"

"नाही दिसला म्हणून काय त्याचा कान कापायचा?"

अशा वेळी मी एकच सांगते. डोळे किलकिले करा. पापण्यांच्या झालरीतून बघा. मग बारीकसारीक सगळं विरघळतं, आणि उजेडाचे नि अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. चौतीस वर्षं मी हे वाक्य म्हणत आलेय. मुलं दोन मिनिटं डोळे बारीक करतात, मग कंटाळतात, आणि पुन्हा कानामागे लागतात.

फक्त एका मुलीला मला ते कधी सांगावं लागलं नाही.

ती अकरा वर्षांची. मागच्या गल्लीत तिच्या आईचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, बाह्या आखूड करणं, चेन बदलणं वगैरे. चित्र काढताना ती कागदावर इतकी वाकायची की नाकाचा शेंडा घासला जायचा. घरी जाताना तिच्या नाकावर, गालावर कोळसा असायचा. त्यावरून तिचं नाव काजळी पडलं. तिलाही ते आवडायचं. कागद लावायच्या स्वतःच्या बोर्डावर तिने मागे ते लिहूनही ठेवलं होतं.

काजळी पहिल्या दिवसापासून डोळे बारीक करूनच बघायची, आणि तिची चित्रं! जग कुठे संपतो आणि मागचा अंधार कुठे सुरू होतो हे ती सांगतच नसे. वाडग्याच्या पोटात सावली अशी उतरायची की बोट घालावंसं वाटे. मी तिची चित्रं भिंतीवर लावली. नवीन मूल आलं की म्हणायचे, "माझ्याकडे नको, हिच्याकडे बघ. बघायचं कसं ते हिच्याकडून शीक."

तिला कौतुकाची सवय नव्हती. एकदा बोर्ड पुसता पुसता ती म्हणाली, "बाई, शाळेत मला धांदरट म्हणतात. फळ्यावरचं निम्मंच उतरवते म्हणून. शेवटच्या बाकावर बसवलंय."

"आणि इथे?"

ती हसली. "इथे मी भिंतीवर आहे."

मीही हसले. कानावर पडलं तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच असतो.

त्या शनिवारी सात मुलं होती. काजळी नेहमीप्रमाणे मागच्या कोपऱ्यात बसली होती. जग, वाडगा आणि घडी घातलेलं पांढरं फडकं मांडलं होतं. अर्धा तास बरा गेला. मग वकील ओरडला, "बाई, पाल!"

जगाच्या बुडाशी, फडक्यावर, चांगली वीतभर पाल येऊन बसली होती. मुलं किंचाळली. दोघी बाकावर चढल्या. कुणाचा तरी बोर्ड पडला. एकाने चप्पल उगारली, मी ती काढून घेतली. या सगळ्या गोंधळात काजळी खाली मान घालून चित्र काढत होती. पाल घाबरून टेबलाखाली पळाली, तेव्हा मात्र ती वैतागली.

"बाई, दिवा नका ना हलवू!"

"मी कुठे हलवलाय?"

"मग सावली कशी हलली? आत्ताच काढली होती मी ती."

मग वकिलाने पोट धरलं. "अगं, ती पाल होती! सावलीला शेपूट असते का?"

सगळी मुलं हसली. तीही हसली, पण जरा उशिराने, आधी सगळ्यांच्या तोंडांकडे बघून.

मी तिचा कागद पाहिला. जगाच्या बुडाशी एक लांबट काळा तुकडा होता. त्याचा गडदपणा अगदी बिनचूक होता. डोकं, पाय, शेपूट काहीच नव्हतं.

मुलं मोरीत हात धूत होती तेव्हा मी तिला थांबवलं. दहा पावलं लांब उभी राहिले आणि हात वर केला.

"किती बोटं?"

तिने डोळे बारीक केले. "तीन. नाही, चार."

माझी मूठ वळलेली होती.

बाकीची मुलं कमी दिसावं म्हणून डोळे बारीक करत होती. ही जास्त दिसावं म्हणून करत होती. आणि मी सहा महिने तिला भिंतीवर लावत होते.

तिला घेऊन मी तशीच तिच्या आईच्या दुकानात गेले. आई शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती.

"डोळे?" ती म्हणाली. "अहो बाई, माझ्या सुईत दोरा कोण ओवतं? हीच. दिवे लागले तरी एका दमात ओवते. हिचे डोळे म्हणजे घारीचे आहेत."

"जवळचं दिसतं तिला. लांबचं दिसत नाही."

यंत्राच्या चाकावरचा तिचा हात थांबला. "मग फळ्यावरचं..." ती लेकीकडे बघत राहिली. "आणि मी शाळेच्या शेऱ्यांवरून हिला मारलं हो, बाई."

"मला लागलं नव्हतं," काजळी म्हणाली.

"गप बस," आई म्हणाली आणि तिच्या नाकावरचा कोळसा पदराने इतका जोरात पुसला की नाक लाल झालं.

पुढच्या शनिवारी काजळी चष्मा लावून आली. जाड काळ्या काड्यांचा, नाकावरून घसरणारा. आल्या आल्या तिने सगळी खोली फिरून पाहिली. "बाई, छताला भेग आहे! ती बघा, खिडकीपर्यंत जाते!" मग दिव्याजवळ जाऊन पाहिलं, मग लांब उभी राहून, मग पुन्हा जवळून. वकिलाला म्हणाली, "तुझे दात पुढे आहेत, मला माहीतच नव्हतं." वकिलाने पटकन ओठ मिटून घेतले.

मग ती चित्राला बसली, आणि तिथून सगळं बिनसलं.

तिने फडक्याचा एकेक धागा काढला. वाडग्याच्या कडेचा टवका काढला. जगावरचा चरा काढला, त्या चऱ्यातली धूळ काढली. दोन तासांनी कागदावर सगळं होतं, पण जग जागच्या जागी नव्हता, उजेड कुठून येतोय हे कळत नव्हतं. एखाद्याने घरातलं सामान दारात आणून ओतावं तसं दिसत होतं. मी काही बोलायच्या आत तिनेच ते पाहिलं. कागद फाडला, चार तुकडे केले आणि बोर्डाखाली दाबले.

रविवारी ती चष्म्याशिवाय आली. "घरी विसरले," म्हणाली. चित्र सुरेख झालं. त्याच्या पुढच्या शनिवारीही विसरली. रविवारीही. मी काही म्हटलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी तिची आई जिना चढून वर आली. हातात अजून मोजपट्टी होती.

"काल ही रस्ता ओलांडताना हातगाडीखाली यायची. गाडीवाल्याने ओढलं म्हणून वाचली. चष्मा कुठे होता? दप्तरात, रुमालात गुंडाळून. विचारलं तर म्हणते, चष्म्याने चित्र बिघडतं. शाळेतही लावत नाही. म्हणते, डोळ्यांना सवय लागली तर जुनं दिसणं परत यायचं नाही."

"मी बोलते तिच्याशी."

"आणखी काय म्हणते माहितीये? बाईंनाही चष्मा आवडत नाही."

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हटलं नसेल. पण तीन दिवस ती तुमच्यासमोर बिनचष्म्याची बसली ना? तुम्ही काही विचारलंत?"

मी पाहिलं होतं. चित्र चांगलं होत होतं म्हणून गप्प राहिले होते. माझी नजर कागदावर होती, पोरीवर नव्हती.

आई थोडी मवाळ झाली. "तुमचं ऐकते हो ती. माझं ऐकत नाही. पण मी सांगून ठेवते, ह्या रविवारपर्यंत चष्मा नाकावर आला नाही तर क्लास बंद. चित्रं नसली तरी चालतील. मला पोरगी धडधाकट पाहिजे."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. खरंच बरोबर होतं. पण क्लास बंद झाला तर त्या मुलीला शेवटचा बाक तेवढा उरणार होता, हेही खरं होतं.

शनिवारी मी तिला दोन तास आधी बोलावलं. दिवा लावला. तिच्या बोर्डाला लागूनच, अगदी हाताच्या अंतरावर, लसणाचा एक गड्डा ठेवला.

"चष्मा लावू नकोस," मी म्हटलं. "हा काढ."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

ती खूश झाली. कागद करडा केला, वाकली आणि सुरू झाली. मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसले, पण एकही ओळ वाचली नाही. पाऊण तासाने तिचा हात मंदावला. मग थांबला.

मी मागे जाऊन उभी राहिले. कागदावर लसणाच्या सालीची एकेक शीर होती. मुळांचे केस होते, एका पाकळीवरचा डाग होता. गड्डा मात्र चपटा पडला होता. उजेड नव्हता, सावली नव्हती.

"हे चष्म्यासारखं झालं," ती हळूच म्हणाली.

"हो."

"पण चष्मा तर नाही लावलाय."

"लसूण जवळ आहे. जवळचं तुला सगळं दिसतं."

तिने एकदा लसणाकडे, एकदा भिंतीवरच्या आपल्या चित्रांकडे पाहिलं. मुलगी हुशार. मला पुढचं सांगावं लागलं नाही.

"म्हणजे ती चित्रं मी नव्हती काढली," ती म्हणाली. "डोळे खराब होते म्हणून झाली."

शिकवताना खोटं बोलायची फार इच्छा होते, विशेषतः समोर मूल रडायच्या बेतात असताना. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"थोडं तसंच आहे. नको ते सगळं तुझे डोळे परस्पर गाळून टाकत होते. आम्हाला ते मेहनतीने करावं लागतं. मला वाटलं, तू ते शिकलीस, म्हणून मी तुला शिकवलंच नाही. चूक माझी आहे. तुझी नाही, चष्म्याचीही नाही."

"मग माझं काय होतं त्यात?"

मी भिंतीवरून तिचं एक चित्र काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "हा काळा आणि हा काळा. दोन्हींत फरक आहे की नाही?"

"आहे. हा थोडा कमी."

"हे कुणी ठरवलं? डोळे खराब असले की अंधुक दिसतं. कुठला अंधार किती गडद, ते कुणी सांगत नाही. वकिलाचे डोळे टकटकीत आहेत, तरी त्याचे सगळे काळे सारखेच. हे तुझं आहे. हे चष्म्याने जाणार नाही."

तिने नाक ओढलं. त्यावर कोळसा होताच.

"आणि ते गाळणं?"

"ते शिकावं लागेल. पहिल्यापासून. बाकीच्यांसारखं."

"बाकीच्यांना पण येत नाही."

"म्हणून तर मला काम आहे."

तिला हसू आलं, पण तिने ते येऊ दिलं नाही. मी चष्मा मागितला. तिने तो दप्तरातून, रुमालाची गाठ सोडून काढला आणि लावला. मी लसूण उचलून लांबच्या टेबलावर ठेवला.

"आता सांग, सगळ्यात काळं कुठे?"

"बाई, मला त्याची मुळं दिसतायत. साल फाटलेली दिसतेय."

"दिसू दे. मी ते नाही विचारलं."

"पण दिसतंय ना!"

"दिसलेलं सगळं बोलायलाच पाहिजे का? वकिलासारखं?"

आता मात्र ती हसली. डोळे किलकिले केले, उघडले, पुन्हा केले. "खाली. टेबलाला टेकतो तिथे."

"मग?"

"मग उजवीकडची पाकळी. मग... थांबा, हे दोन सारखेच आहेत. म्हणजे दोन्ही मिळून एकच अंधार. मुळं त्याच्या आतच आहेत."

"मुळांचं काय करायचं?"

तिने कांडी आडवी धरली. "राहू देत आतच."

पुढच्या तासात तिने तीन कागद वाया घालवले. चौथ्यावर लसूण बसल्यासारखा दिसत होता, सुंदर मुळीच नव्हता. चार वाजता मुलं आली तेव्हा तिने तो कुणाला दाखवला नाही. घरी जाताना चष्मा काढून हातात घेतला, आणि तो नाकावर जातो की दप्तरात हे मला वरून दिसलं नाही. त्या रात्री मी तिच्या आईला निरोप पाठवला नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

रविवारी चार वाजून गेले तरी ती आली नव्हती. सव्वाचारला जिन्यावर पावलं वाजली. मिस्त्रीचा आवाज आला, "अरे वा, आज मास्तरीण झालीस की!" आणि तिचं उत्तर, "काका, तुमच्या हातातला पाना दहा नंबरचा आहे. मला इथून वाचता येतोय."

ती आत आली. चष्मा नाकावर होता. पाठोपाठ तिची आई दारापर्यंत आली, चादर बाजूला सारून माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि खाली उतरली.

"उशीर का झाला?" मी काजळीला विचारलं.

"आई सोडायला येणारच म्हणाली. मी म्हटलं, एकटी जाते, मला दिसतं आता. ती म्हणाली, मला बघू दे तुला दिसतं ते." मग जरा थांबून, "बाई, आज बिघडलं तर?"

"बिघडेल."

"बाकीचे हसले तर?"

"पालीच्या दिवशी हसले होतेच. मेलीस का?"

तिने मागच्या कोपऱ्यातला आपला बोर्ड उचलला आणि पुढच्या रांगेत आणून टेकवला.

त्या दिवशी मी जग आणि वाडगा कपाटात ठेवले आणि स्वतःच दिव्याजवळच्या खुर्चीत बसले. "आज चेहरा," मी म्हटलं. "म्हातारा चेहरा सोपा असतो, त्यात डोंगरदऱ्या तयारच असतात." वकिलाने विचारलं, सुरकुत्या मोजून काढायच्या की अंदाजे. मी म्हटलं, अंदाजे, माझी अब्रू आहे.

कोळसा कागदावर घासल्याचा आवाज सुरू झाला. समोर बसलेली काजळी माझ्याकडे टक लावून पाहत होती. चष्म्यामागचे तिचे डोळे मोठे झाले, मग बारीक झाले, मग पुन्हा मोठे. ती पहिल्यांदाच मला नीट बघत होती. इतकी वर्षं मी मुलांना बघायला शिकवलं, पण कुणी आपल्याकडे असं बघायला लागलं की कसं वाटतं याची मला कल्पना नव्हती. लपावंसं वाटलं.

तिने कागदावर एक जागा काळी केली. रबराने उचलली. परत केली. "हॅः" म्हणाली आणि कागद उलटा केला. मागच्या बाजूला पुन्हा सुरू केलं. पहिला प्रयत्न बिघडला होता, पण हा कागद तिने फाडला नाही. मला उठून बघावंसं वाटत होतं. शिक्षकाची खोड. मी जराशी पुढे झुकले.

"बाई, हलू नका!" ती ओरडली. "एवढ्या कष्टाने तुमचे डोळे गाळून टाकले मी, आता परत दिसायला लागले!"

सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. शेवटच्या बाकावरची मुलगी शिक्षकावर अशी ओरडत नसते. ती स्वतःच दचकली, जीभ चावली, पण हातातली कांडी खाली ठेवली नाही.

"गेले होते का डोळे?" मी ओठ न हलवता विचारलं.

"हो. सगळा डावीकडचा एकच अंधार केला होता. चांगला जमला होता." तिने चष्मा मनगटाने वर सरकवला. "मागे टेका ना, मघाशी होतात तशा. अजून थोडं. हां. आता बोलू पण नका."

मी मागे टेकले. मान अवघडली होती, नाकाला खाज येत होती, आणि दिवा कानाशी तापला होता. सहा वाजेपर्यंत मी हलले नाही.